संरक्षण अर्थसंकल्पाच्या पद्धतीमुळे नवे तंत्रज्ञान सैन्याकडे उशिरा पोहोचते का?

होय, पोहोचते, मात्र बहुतेकांना वाटते तसे त्याचे मुख्य कारण पैशांचा तुटवडा हे नाही. नागपुरात संरक्षण उत्पादनाच्या लेखा विभागात नोकरी केल्यामुळे मला हा प्रश्न रकमेपेक्षा वेळापत्रकाचा अधिक वाटतो.

2025-26 साठी संरक्षण मंत्रालयाला सुमारे 6.81 लाख कोटी रुपये मिळाले आणि त्यांपैकी 1.80 लाख कोटी भांडवली खर्चासाठी, म्हणजे मुख्यतः शस्त्रे आणि सामग्री घेण्यासाठी, होते. पण या रकमेतून आधी जुन्या करारांचे हप्ते जातात. विमाने, पाणबुड्या, तोफा यांचे करार वर्षानुवर्षे चालतात, त्यांची देणी टाळता येत नाहीत, आणि नव्या वस्तूला उरलेल्या पैशांत जागा शोधावी लागते. शिवाय 31 मार्चपर्यंत न खर्चलेली तरतूद परत जाते, त्यामुळे वर्षअखेरीस ज्याचे बिल हमखास निघेल अशा ओळखीच्या मालाकडे अधिकाऱ्याचा कल झुकतो. त्याला दोष देता येणार नाही. चाचणीत अडकलेल्या ड्रोनचा पैसा परत गेला, तर जाब त्यालाच विचारला जातो. परत न जाणाऱ्या आधुनिकीकरण निधीची घोषणा 2004 च्या अंतरिम अर्थसंकल्पात झाली होती आणि पंधराव्या वित्त आयोगाने 2021 मध्ये तशीच शिफारस पुन्हा केली, यावरूनच ही अडचण किती जुनी आहे ते कळते.

दुसरी अडचण टप्प्यांची आहे. आवश्यकतेची स्वीकृती (म्हणजे वस्तूची गरज अधिकृतपणे मान्य होणे), निविदा, मैदानी चाचण्या, किमतीची वाटाघाटी आणि मग वित्तीय मंजुरी या क्रमात काही वर्षे जातात. रणगाड्याला ते परवडते. ज्याचे सुटे भाग आणि सॉफ्टवेअर दरवर्षी बदलतात अशा ड्रोनला परवडत नाही, कारण सुरुवातीला लिहून ठेवलेल्या निकषांवरच ते अखेरपर्यंत तपासले जाते.

आमच्याकडचेच उदाहरण देतो. नागपूरच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्ह्ज लिमिटेडने बनवलेले नागास्त्र-1 हे लक्ष्यावर जाऊन आदळणारे ड्रोन लष्कराने तातडीच्या खरेदीच्या अधिकारांतून घेतले. मागणी 480 ची होती आणि जून 2024 मध्ये पहिली 120 पुलगावच्या दारूगोळा भांडारात पोहोचली. ही वाट वेगवान आहे, पण ती मर्यादित रकमेच्या, एकेका करारापुरती असते. पुढची मोठी मागणी नेहमीच्या रांगेतून आली, तर मधल्या काळात कारखान्याने यंत्रे आणि प्रशिक्षित माणसे कशाच्या भरवशावर सांभाळायची, याचे उत्तर वार्षिक तरतुदीत नसते. संरक्षणातील नवकल्पनांना मदत करणाऱ्या, 2018 पासूनच्या आयडेक्स या सरकारी योजनेतही नमुना तयार करण्यासाठी अनुदान मिळते, पण त्यापुढची खरेदी वेगळ्या तरतुदीतून व्हावी लागते, आणि माझ्या मते लहान उद्योग सर्वाधिक याच टप्प्यावर अडतात.