डिस्चार्ज बुकापासून सुरुवात करा

वाचकांचे प्रश्न : माजी सैनिकांच्या आठवणी, कागदपत्रे आणि पदके

प्रश्न : आमचे आजोबा १९६३ साली फौजेत भरती झाले. १९६५ आणि १९७१ या दोन्ही लढायांच्या वेळी ते नोकरीत होते. १९७८ला हवालदार म्हणून पेन्शनीत आले आणि पुढे बँकेत पहारेकरी होते. लवकरच त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्या दिवशी पाहुण्यांना त्यांच्या आयुष्यावरची लहानशी पुस्तिका द्यायची आहे. पण त्यांना सन आठवत नाहीत आणि दोन लढायांचे प्रसंग एकमेकांत मिसळतात. सुरुवात कुठून करू? (नातू, विजापूर रस्ता, सोलापूर)

उत्तर : आठवणी नंतर. आधी आजोबांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक, काढा. आर्मी नंबर, भरतीची आणि नाव कटल्याची (फौजेतून मोकळं झाल्याची) तारीख, पलटण किंवा कोअर, हुद्दे, केलेले कोर्स, पदकं आणि शेवटी वरिष्ठांचा शेरा हे सगळं त्यात असतं. एका मोठ्या कागदावर १९६३ ते १९७८ अशी वर्षं खाली खाली लिहा. डाव्या बाजूला बुकातल्या नोंदी घ्या आणि उजवी बाजू आजोबांच्या बोलण्यासाठी मोकळी ठेवा.

पहिली अडचण जन्मतारखेचीच येईल. शाळेचा दाखला नसेल तर भरतीच्या वेळी वय अंदाजानं लावलं जाई, म्हणून बुकातली तारीख आणि घरात सांगितली जाणारी तिथी बऱ्याचदा जुळत नाही. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस, म्हणजे हजार पौर्णिमा भरायला सुमारे ८० वर्षं १० महिने लागतात. हा हिशेब घरातल्या तिथीवरून करा. पुस्तिकेत मात्र दोन्ही तारखा द्या आणि कुठली कुठून आली तेही लिहा.

दुसरी गोष्ट पदकांची. कोणती आघाडी हे पदकांवरून ओळखता येतं. १९७१च्या लढाईत पूर्वेकडे असलेल्यांना पूर्वी स्टार आणि पश्चिमेकडे असलेल्यांना पश्चिमी स्टार मिळाला. संग्राम मेडल त्या काळात नोकरीत असलेल्यांना सरसकट मिळालं, त्यावरून माणूस आघाडीवर होता असं म्हणता येत नाही. १९६५चंही तसंच आहे : समर सेवा स्टार प्रत्यक्ष कारवाईच्या भागातल्यांचा, तर रक्षा मेडल ठरावीक नोकरी झालेल्या सगळ्यांचं. आजोबांकडे पश्चिमी स्टार असेल आणि घरात "ढाक्याच्या शरणागतीला हजर होते" असं सांगितलं जात असेल, तर ते वाक्य छापू नका. ढाक्यात शरणागती १६ डिसेंबरला झाली आणि पश्चिमेकडे तोफा थांबल्या १७ डिसेंबरला. लढाई कधी थांबली, हा प्रश्न सहज विचारून पाहा. उत्तरावरून बरंच कळतं.

पराक्रम वाढवून लिहायचा मोह नातवंडांनाच जास्त होतो. जो माणूस तीन रात्री पुलावर पहारा देत उभा होता, त्याचा तो पहारा तसाच लिहा. त्याच पलटणीतला कुणी पुस्तिका वाचील, तेव्हा आजोबांना मान खाली घालावी लागू नये.

आता प्रत्यक्ष बोलणं. एका बैठकीला ४० मिनिटं पुरेत, पुढं माणूस थकतो आणि "हो, तसंच काहीतरी" म्हणायला लागतो. वेळ सकाळी साडेसहा-सातची घ्या. त्याचं कारण पंखा. सोलापुरात उन्हाळ्यात दुपारी पंखा बंद करता येत नाही आणि पंख्याखाली केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये म्हाताऱ्या माणसाचा आवाज बुडून जातो. फोन घडी केलेल्या टॉवेलवर, तोंडापासून दीड वीत अंतरावर ठेवा. थेट टेबलावर ठेवला तर कपबशीचा प्रत्येक आवाज त्यात येतो. फोन विमान मोडवर टाका. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकून पाहा.

"१९६५ला काय झालं?" असं विचारू नका. सन हा त्यांच्या आठवणीचा धागा नाही. जागा, माणसं आणि जेवण यांवरून विचारा. शेजारच्या खाटेवर कोण होतं? लंगरात काय मिळायचं? पिट्ठूत (पाठीवरच्या पिशवीत) काय काय असायचं? रंगरूट असताना उस्ताद (शिकवणारा) कुठला होता? बडा खान्याला (पलटणीच्या एकत्र जेवणाला) कोण गायचं? उत्तरातले फौजी शब्द तसेच ठेवा आणि अर्थ तळटीपेत द्या. नकाशा समोर ठेवला तर आणखी चांगलं, बोट आपोआप गावावर जातं. एखाद्या जोडीदाराच्या मृत्यूशी येऊन ते थांबले, तर तुम्हीही थांबा. विषय पुन्हा त्यांनी काढला तरच पुढं जा.

जुनी पत्रं सापडली तर एक लक्षात असू द्या. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात "५६ एपीओ" किंवा "९९ एपीओ" (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) एवढंच असतं, गाव नसतं, कारण पलटण कुठं आहे हे कळू द्यायचं नसतं. शिक्का नीट पाहा, त्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि तारीख असते. तारीख पुसट असेल आणि मजकुरात "परवा पंचमी झाली" असं काही असेल, तर त्या वर्षीच्या पंचांगावरून दिवस काढता येतो.

आणि आजीला वेगळं बसवा. हे आम्ही आग्रहानं सांगतो. फौजी वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचा, उरलेले दहा महिने घर तिनं ओढलेलं असतं. १९७२च्या दुष्काळात ती कुठं होती, खडी फोडायला गेली होती का, मिलोच्या (रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या) भाकरीची चव काय होती, मनीऑर्डर किती दिवसांनी यायची, ती वाचून कोण दाखवायचं, घरात विड्या वळत होत्या का, हे विचारा. मुलांच्या जन्मतारखा सुट्टीच्या तारखांशेजारी लिहून पाहा. कोणत्या बाळाचं तोंड बापानं किती महिन्यांनी पाहिलं ते एका ओळीत कळेल, आणि पुस्तिकेतलं ते सगळ्यात खरं पान होईल. पेन्शनीनंतरच्या वर्षांसाठी सोलापूरकरांना जवळच्या खुणा घ्या : गिरण्या बंद पडल्या तेव्हा, किल्लारीचा भूकंप झाला (३० सप्टेंबर १९९३) तेव्हा, अमक्या वर्षीच्या गड्ड्याच्या जत्रेत.

छपाईबद्दल थोडक्यात. मधोमध पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत धरा, ३२ पुरेत. अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान नको, वाचणारे त्यांच्याच वयाचे आहेत. लहान फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मागची बाजूही करा, कारण स्टुडिओचा शिक्का तिथंच असतो. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. आर्मी नंबर, पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) नंबर आणि बँकेचा तपशील छापील प्रतीत अजिबात नको. पेन्शनरांची फसवणूक करणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं.

प्रश्न : वडिलांची पदकं काळी पडली आहेत, एकावर हिरवट थर आला आहे. पितळेची पॉलिश लावू का? फ्रेमही करायची आहे. (मुलगी, बार्शी)

उत्तर : पॉलिश नको. चिंच, राख, टूथपेस्ट यांतलंही काही नको. आपल्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. घासणारी कुठलीही वस्तू ती अक्षरं झिजवते, आणि नाव गेलेलं पदक कुणाचं हे पुढं सांगता येत नाही. काळेपणा हा धातूवरचा जुना थर आहे, तो राहू द्या. हिरवा थर मात्र ओल आणि प्लॅस्टिकच्या पिशवीमुळे येतो. तो कोरड्या मऊ ब्रशनं हलक्या हातानं काढा, पाणी लावू नका. त्याआधी कडेवरच्या अक्षरांचा फोटो तिरप्या उजेडात काढून ठेवा.

ठेवायला धुतलेलं पांढरं मलमल आणि पत्र्याचा डबा घ्या, सोबत सिलिका जेलची पुडी टाका. डांबराची गोळी रिबिनीला लागता कामा नये. फ्रेममध्ये पदकं डकवू नका, ना फेव्हिकॉलनं ना दोन्ही बाजूंच्या टेपनं. रिबीन सुती दोऱ्यानं कापडावर टाचून घ्या. क्रम असा : मानाचं पदक छातीच्या मध्याकडे, म्हणजे पाहणाऱ्याच्या सर्वांत डावीकडे. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळा. आपल्याकडच्या उन्हात रिबिनीचे रंग फार लवकर उडतात, आणि रंग गेले की पदक ओळखणं अवघड होतं.

प्रश्न : चुलते वारले, मूलबाळ नव्हतं. डिस्चार्ज बुक सापडत नाही. पलटण कोणती तेही ठाऊक नाही. (पुतण्या, मोहोळ)

उत्तर : आर्मी नंबर शोधा. पेन्शनचं पासबुक, पीपीओ, कँटीन कार्ड, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड, जुन्या पत्राचा पत्ता, पदकाची कड, यांपैकी कुठंतरी तो मिळतो. हुद्द्यावरूनही दिशा कळते. साधा जवान पायदळात सिपाही, तोफखान्यात गनर, इंजिनिअर्समध्ये सॅपर, रणगाडा दलात सवार. "जमादार" असं लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, १९६५ साली त्या हुद्द्याचं नाव नायब सुभेदार झालं.

रेकॉर्ड ऑफिस पलटणीप्रमाणे असतं : मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, सिग्नल्सचं जबलपूरला. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत करा. नंबर, हुद्दा, भरतीच्या वेळचं नाव, वडिलांचं नाव, तेव्हाचं गाव आणि तालुका लिहा. मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा. जुन्या इंग्रजी कागदांत जिल्हा "शोलापूर" असा असतो, आडनावाचं स्पेलिंगही कारकुनानं ऐकलं तसं. अर्जात जुनं आणि आजचं अशी दोन्ही रूपं द्या. "सर्व माहिती द्यावी" असं मोघम लिहू नका. भरती आणि निवृत्तीच्या तारखा, पलटण, पदकं असं नेमकं मागा.

प्रश्न : आईचं नाव फौजेच्या कागदावर माहेरचं आहे, आधारवर सासरचं. वडील ८४ वर्षांचे आहेत. पुढं अडेल का? (मुलगा, अक्कलकोट)

उत्तर : अडेल, म्हणून आत्ताच करा. लग्नात नाव बदलायची आपल्याकडची रीत आणि पलटणीत एकदाच झालेली नोंद, यामुळे कुटुंब निवृत्तिवेतन महिनोन् महिने थांबतं. वडील हयात असताना त्यांच्या सहीनं रेकॉर्ड ऑफिसला अर्ज जातो, ते सगळ्यात सोपं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, विवाहाचा पुरावा, दोघांचा एकत्र फोटो आणि आधारची प्रत जोडा. आईची जन्मतारीखही तपासा, ती बऱ्याच वेळा कोरी असते. दुरुस्त पीपीओ आला की पेन्शनच्या ऑनलाइन स्पर्श प्रणालीत तीच नोंद दिसते का ते पाहा. पेन्शनचं खातं दोघांच्या नावावर आणि "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" या अटीचं हवं.

प्रश्न : वडील घरीच वार्धक्यानं वारले. श्रद्धांजलीच्या फलकावर "शहीद" लिहावं असं भाऊबंद म्हणतात. पुढं कुणाच्या अंत्ययात्रेत तिरंगा पांघरता येईल का? (मुलगा, पंढरपूर)

उत्तर : "शहीद" नको, "हुतात्मा"ही नको. आपल्या जिल्ह्यात हुतात्मा म्हटलं की १२ जानेवारी १९३१ला फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन डोळ्यांपुढं येतात. लढाई करून परत आलेल्या आणि संसार नीट पार पाडलेल्या माणसाचा मान त्याच्या हुद्द्यात आहे. हुद्दा आधी, मग नाव, मग कंसात निवृत्त : "हवालदार अमुक तमुक (निवृत्त)". मानद हुद्दा मिळाला असेल तर तो "ऑनररी" शब्दासकट लिहा. खाली पलटण आणि नोकरीची वर्षं द्या.

तिरंग्याबाबत कायदा स्पष्ट आहे. राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ प्रमाणे शासकीय, सैन्यदलाच्या किंवा निमलष्करी दलाच्या अंत्यसंस्काराखेरीज ध्वज पांघरता येत नाही. घरच्यांनी आपणहून तो घालू नये. मानवंदना मिळेल का, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला फोन करून लगेच विचारावं. ध्वज अधिकृतपणे पांघरलेला असेल तर केशरी पट्टा डोक्याकडे असतो, आणि अग्नी देण्यापूर्वी तो काढून घेतात. वडिलांची टोपी आणि पदकं उशाशी ठेवायला हरकत नाही, पण तीही कुणा एकाच्या हाती आधीच सोपवून ठेवा. गर्दीत ती हरवतात.