हप्त्यांवर डाय-कटिंग मशीन घेऊ का? मशीन घ्या, पण हे नको आणि आत्ता नको

ताई, तुमचा पहिला मेल वाचूनच मला उत्तर देता आलं असतं पण मुद्दाम थांबलो, कारण तुम्ही विचारलं होतं "परवडेल का" आणि मला आधी बघायचं होतं की त्या मशीनने तुमचं नक्की काय वाचणार आहे. म्हणून उलट मेल करून टायमर लावायला सांगितला. तुम्ही खरंच लावलात आणि मिनिटांसकट आकडे पाठवलेत, असं करणारे वाचक फार कमी भेटतात, त्यामुळे आज उत्तर जरा मोठंच होणार.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताई घरून हाताने ग्रीटिंग कार्डं आणि स्क्रॅपबुक अल्बम बनवून विकतात, महिन्याला साधारण २० कार्डं आणि २ अल्बम. कटिंग सगळं कात्री, क्राफ्ट नाइफ आणि ट्रिमरवर. आता त्यांना इलेक्ट्रॉनिक डाय-कटिंग मशीन (स्क्रीनवर मांडलेलं डिझाइन ब्लेडने कागदातून कापणारं) घ्यायचंय, तेही सगळ्यात मोठं मॉडेल, बंडलमध्ये, म्हणजे मशीन, हीट प्रेस (कापडावर डिझाइन गरम दाबून चिकटवायचं यंत्र), पेनांचा सेट, व्हायनलचे म्हणजे प्लास्टिकच्या पातळ फिल्मचे रोल, जादा मॅट (कापताना कागद धरून ठेवणारं चिकट पत्र) आणि डिझाइनच्या सबस्क्रिप्शनचे सुरुवातीचे महिने. अर्धे पैसे बचतीतून, अर्धे १२ बिनव्याजी हप्त्यांत. बचत म्हणाल तर घरखर्चाच्या दोन महिन्यांएवढी, आणि क्रेडिट कार्डाची थोडी बाकी दर महिन्याला पुढे ढकलली जाते. त्यांचं म्हणणं, "मशीन आलं की काम डबल होईल."

कार्डाच्या बाकीबद्दल जास्त बोलत नाही. कार्डावर जे व्याज लागतं तेवढा परतावा कुठलंही मशीन खात्रीने देत नाही, त्यामुळे ते आधी संपवायचं, विषय बंद.

आता काम डबल होण्याचं बघू. तुम्ही १० कार्डांचा हिशोब पाठवलात, एकूण ४२० मिनिटं. त्यातली १३० कटिंगला, १७० स्टॅम्पिंग, इंक, फोम टेप, चिकटवणं यात, ७० कुठला कागद कशावर घ्यायचा हे ठरवण्यात, आणि ५० फोटो काढणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, पॅकिंग यात. मशीन यातल्या फक्त १३० ला हात लावतं, बाकीची २९० मिनिटं जशीच्या तशी राहतात! आणि १३० पण पूर्ण जात नाहीत, कारण डिझाइन स्क्रीनवर मांडायचं, कागद मॅटवर नीट बसवायचा, मटेरियलचं सेटिंग निवडायचं, नवीन कागद असला तर आधी कोपऱ्यात टेस्ट कट घ्यायचा, मग कापून झाल्यावर अक्षरांच्या पोटातले बारीक तुकडे टोकदार हुकने काढत बसायचे, हे सगळं माणसालाच करावं लागतं. माझी बहीण हेच काम करते, तिच्या टेबलाशेजारी बसून मी हे बघितलंय, मशीन दोन मिनिटांत कापतं आणि ती पुढची दहा मिनिटं तुकडे वेचते. म्हणून एका कार्डामागे १३ ची ५ मिनिटं होतील असं धरलं. २० कार्डांत महिन्याला वाचले २ तास ४० मिनिटं.

अल्बमची गोष्ट वेगळी आहे. तुमच्या एका अल्बमला १४ तास लागतात आणि त्यातले ५ तास कटिंग, कारण प्रत्येकाचं नाव वेगळं, तारीख वेगळी, टायटलची अक्षरं नाइफने कोरायची, जाळीच्या फ्रेमा कापायच्या. हे मशीनचं खरं काम. इथे साडेतीन तास आरामात वाचतील. दोन अल्बमचे ७ तास. म्हणजे कार्डं धरून महिन्याला ९ तास ४० मिनिटं. कमी नाहीत, पण महिन्याला तुम्ही ४२ तास काम करता, तेव्हा हे डबल नक्कीच नाही.

आता पैसे. प्रत्येकाकडे किमती वेगळ्या त्यामुळे मी सगळं भागांत बोलतो, बंडलची किंमत १०० भाग धरा. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून, सामानाचा खर्च वजा करून ५ कार्डांमागे १ भाग सुटतो आणि एका अल्बममागे ३ भाग. महिन्याला कार्डांचे ४, अल्बमचे ६, मिळून १०.

सहा महिन्यांत वेळ नाही म्हणून तुम्ही ४ अल्बमना नाही म्हणालात. मशीनमुळे अल्बम साडेदहा तासांचा होईल, वाचलेल्या वेळात हे चारही बसतील. त्याचे १२ भाग. त्यातून ब्लेड, मॅट, टेस्ट कटमध्ये वाया जाणारा कागद, सबस्क्रिप्शन असे ३ भाग वजा करा (मॅटचा चिकटपणा जातो, ग्लिटर पेपर कापला की ब्लेड लवकर बोथट होतं, हा खर्च दुकानदार सांगत नाही). राहिले ९, वर्षाचे १८. म्हणजे १०० भागांचं बंडल वसूल व्हायला साडेपाच वर्षं!

साडेपाच वर्षं अशा मशीनसाठी फार झाली, कारण याचा अर्धा जीव सॉफ्टवेअरमध्ये असतो. क्रिकट ही अशी मशीनं बनवणारी कंपनी, तिचं जुनं क्राफ्ट रूम सॉफ्टवेअर जुलै २०१८ मध्ये बंद झालं आणि ज्यांची जुनी मशीनं नव्या डिझाइन स्पेस सॉफ्टवेअरला जोडली जात नव्हती त्यांच्याकडे कार्ट्रिजमध्ये (मशीनला लावायच्या, आकार साठवलेल्या डबीत) जे आकार होते तेवढेच उरले, मशीन मात्र धडधाकट. मार्च २०२१ मध्ये त्याच कंपनीने जाहीर केलं की सबस्क्रिप्शन नसेल तर महिन्याला स्वतःची फक्त २० डिझाइनं अपलोड करता येतील, लोक इतके भडकले की काही दिवसांतच निर्णय मागे घेतला. मागे घेतला हे चांगलंच झालं, पण एक कळलं की विकत घेतलेल्या वस्तूचे नियम नंतर बदलू शकतात. सिल्हूएट या दुसऱ्या कंपनीचा वेगळाच नमुना, त्यांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं पण फुकटच्या आवृत्तीत एसव्हीजी फाइल (रेषांच्या रूपात साठवलेलं डिझाइन) उघडत नाही, त्यासाठी वरची आवृत्ती विकत घ्यावी लागते, आणि बाहेर मिळणारी बहुतेक कटिंग डिझाइनं एसव्हीजीतच असतात. ब्रदर कंपनीच्या स्कॅनएनकट मशीनमध्ये स्कॅनर आतच असतो, कॉम्प्युटरशिवाय चालतं. मी कुठल्या एकाची शिफारस करत नाहीये, फक्त मशीनच्या किमतीत फाइल उघडण्याची किंमत धरलीये का ते बघा एवढंच.

मी स्वतः यात तोंड पोळून घेतलंय. काही वर्षांपूर्वी "घरच्या घरी फोटो छापून वाचवू" म्हणून फोटो प्रिंटर घेतला होता. आर्थिक सल्लागार माणूस, हिशोब करून घेतला, पण हिशोबात शाई धरलीच नव्हती, महिना महिना न वापरल्यावर नोझल सुकायचं आणि ते साफ करण्यातच अर्धी शाई संपायची. शेवटी एका फोटोची किंमत किती पडली ते घरात अजून सांगितलेलं नाही.

तर आता तुमच्याच आकड्यांत मला जे दिसलं ते सांगतो, आणि हे मशीनपेक्षा महत्त्वाचं आहे. ५ कार्डांना साडेतीन तास लागतात आणि १ भाग मिळतो. अल्बमला १४ तास आणि ३ भाग, म्हणजे एका भागामागे ४ तास ४० मिनिटं. अल्बमची ऑर्डर मोठी म्हणून तुम्हाला आनंद होतो, पण तासाच्या हिशोबात अल्बम कार्डापेक्षा स्वस्तात जातोय! मशीन घेतल्यावर अल्बम साडेदहा तासांचा होऊन भागामागे साडेतीन तासांवर येईल, म्हणजे कार्डाच्या बरोबरीला. पण हेच मशीन न घेता पण होतं. अल्बमची किंमत फक्त १ भागाने वाढवा, ३ चे ४ झाले की १४ तासांत ४, परत भागामागे साडेतीन तासच. आणि तुम्ही तर सहा महिन्यांत चौघांना परत पाठवलंय, म्हणजे मागणी तुमच्या हातापेक्षा जास्त आहे, अशा वेळी भाव वाढवायला घाबरायचं कारण नाही. दोन अल्बमचे महिन्याला २ भाग जास्त, वर्षाचे २४. मशीनमधून वर्षाला १८ सुटणार होते.

मला माहितीये तुम्ही म्हणाल की लोक घासाघीस करतात. करू देत, एखादा गेला तरी रांगेत दुसरा आहे, तुम्हीच लिहिलंय.

मग मशीन नकोच का? तसं नाही. नाव कोरून कोरून मनगट दुखतं असं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय, अगदी सहज लिहिल्यासारखं, पण मला ती ओळ सगळ्यात मोठी वाटली. मनगट हेच तुमचं मुख्य यंत्र आहे, ते बसलं तर कार्डं पण बंद आणि अल्बम पण बंद. म्हणून मशीन घ्या, पण लहान. तुमचं अल्बमचं पान १२ बाय १२ इंचाचं आहे म्हणून तुम्हाला १२ इंची मशीन लागेल असं वाटतंय, पण पानाचा बेस सरळच कापायचा असतो, तो ट्रिमरवर आत्तासारखाच कापा. मशीनवर जाणार ती नावं, तारखा, टॅग, कोपऱ्याच्या फ्रेमा, आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोंतला एकही तुकडा ८ इंचांपेक्षा मोठा नाही. ८ इंची मशीन पुरतं, आणि तुम्ही पाठवलेल्या किमतींच्या यादीतच ते ३५ भागांत आहे. वर्षाला १८ धरले तर दोन वर्षांत वसूल. हे चालेल मला.

हाताने फिरवायचं मशीन पण तुमच्या यादीत होतं, सिझिक्ससारखं, त्यात धातूची डाय (आकाराचा धारदार साचा) आणि कागद प्लेटांमध्ये ठेवून हँडल फिरवतात. खातं नको, इंटरनेट नको, एम्बॉसिंग फोल्डरने कागदावर नक्षी पण उठते, एकसारखी ५० पानंफुलं कापायची असतील तर मस्तच. पण प्रत्येक आकाराला आणि प्रत्येक मापाला वेगळी डाय विकत घ्यावी लागते, आणि तुमची अडचण आहे दर वेळी बदलणारी नावं. अक्षरांचा डाय सेट घेतला तरी एकच फॉन्ट, एकच साइज. तुम्ही फक्त कार्डं करत असतात तर मी हेच सांगितलं असतं.

हीट प्रेस आणि व्हायनल बंडलमधून उडवा. तुम्ही टीशर्ट करत नाही, मग त्याची मशीनं कशाला? "पुढे करेन" हा खर्च पुढेच करायचा. बिनव्याजी हप्त्याचं पण एकदा विचारून बघा की रोख दिले तर किती कमी, बऱ्याचदा जी सूट रोखीला मिळते तीच हप्त्यात गेलेली असते, शिवाय प्रोसेसिंग फी वेगळी.

पैशांचा क्रम असा ठेवा. पुढच्या ऑर्डरपासून अल्बमचा नवा भाव. मग महिन्याचे १० चे १२ भाग होतील, ते आधी क्रेडिट कार्डाच्या बाकीत टाका, एक हप्ता पण चुकवू नका. बाकी संपली की अर्धे बचतीत आणि अर्धे मशीनसाठी, ६ भागांनी सहा महिन्यांत ३६ जमतात, म्हणजे लहान मशीन रोखीत. आत्ताच्या दोन महिन्यांच्या बचतीला हात लावायचा नाही, उलट ती सहा महिन्यांपर्यंत न्यायचीये कारण तुमची ऑर्डर कधी येईल याची खात्री नसते आणि घरातली दुसरी कमाई पण कॉन्ट्रॅक्टवर आहे असं तुम्ही लिहिलंय. मशीन आल्यावरही ती भर चालू ठेवा.

मधल्या काळात ते ११ न उघडलेले पेपर पॅड संपवा. मी विचारलं म्हणून तुम्ही मोजलेत, नाहीतर बारावा आलाच असता. तुमच्याच बिलांवरून ते ९ भाग होतात, मशीनच्या चौथ्या हिश्शाएवढे पैसे कपाटात पडून आहेत. जाड २५०-३०० जीएसएमचे आणि ग्लिटरवाले वेगळे काढा, ते हाताने कापायच्या कामात आधी वापरून टाका कारण लहान मशीनला तेच जड जातात.

कार्टूनची पात्रं कापून विकायचा विचार लिहिला होतात, तो सोडा. डिझाइन विकत घेतलं म्हणजे त्याचा माल विकायची परवानगी मिळाली असं नसतं, प्रत्येक फाइलचं लायसन्स वाचायचं, आणि प्रसिद्ध पात्रांचं तर बहुतेक वेळा फक्त घरगुती वापरापुरतंच असतं.

आणि सेकंडहँड मिळालं तर अजून चांगलं, छंद म्हणून घेऊन चार महिन्यांत विकायला काढलेली मशीनं पुष्कळ असतात. फक्त जाताना तुमचा स्वतःचा कार्डस्टॉक (कार्डांचा जाड कागद) घेऊन जा, त्याच्या घरी त्याच्यासमोर तुमच्या खात्यावर मशीन रजिस्टर करून बघा, आताच्या सॉफ्टवेअरला ते मॉडेल चालतंय का ते बघा, आणि बारीक अक्षरांचं एक नाव कापून बघा. कडा फाटल्या तर आधी नवं ब्लेड लावायला सांगा, तरी फाटल्या तर घरी या.

सहा महिन्यांनी परत टायमर लावून आकडे पाठवा.