शून्य चूक दाखवणारा नकाशा

प्रश्न : जुना छापील नकाशा स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन बिंदूंवर बसवला. चूक शून्य येते. तरी जीपीएसने मोजलेले रस्ते त्यावर टाकले की मधले चौक वीस-पंचवीस मीटर सरकलेले दिसतात. दोन्ही एकत्र कसे करू?

उत्तर : त्या शून्यावर विश्वास ठेवू नका. अफाइन रूपांतरात (अख्खा नकाशा एकसारखा सरकवणं, फिरवणं, ताणणं, तिरका करणं) सहा अज्ञात संख्या असतात आणि तीन बिंदू म्हणजे बरोबर सहा समीकरणं. त्यातला एखादा बिंदू भलत्याच चौकावर पडला असता, तरीही चूक शून्यच आली असती! दहा-बारा बिंदू घ्या, कोपऱ्यांत आणि मध्येही. शिवाय तीन-चार चौक बाजूला ठेवा, जुळवणीत वापरू नका; तिथे किती मीटर फरक उरतो, तीच तुमची खरी चूक. बिंदू चौकातच घ्या, नदीकाठी नको. मी एकदा नदीच्या वळणावर घेतले होते. नकाशा छापल्यानंतर पात्र सरकलं होतं, ते कळेपर्यंत दोन दिवस गेले.

पण त्याआधी नकाशाचा समास वाचा. प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत) आणि डेटम (पृथ्वीचा कुठला आकार आणि केंद्र धरून जागा मोजल्या ते) बहुतेक वेळा तिथे छापलेले असतात. भारतातल्या जुन्या नकाशांच्या एव्हरेस्ट १८३० या मापात पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर धरली आहे, तर जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ मध्ये ६३,७८,१३७. शिवाय दोन्हींचे केंद्रबिंदूही वेगळे. म्हणून सगळे चौक एकाच दिशेला, जवळपास सारखेच सरकले असतील तर आधी डेटम तपासा. जागोजागी वेगळे सरकले असतील तर कागद आकसला असेल किंवा स्कॅन करताना ताणला गेला असेल. तिथे रबर शीटिंग, म्हणजे नकाशा जागोजागी रबरासारखा ताणून बसवणं, चालेल. डेटमची चूक ताणून झाकली, तर त्यावर टाकलेला पुढचा प्रत्येक लेयर (माहितीचा थर) चुकत जातो. हे मी पोटतिडकीने सांगतोय, कारण अशी झाकलेली चूक नंतर शोधणं फार अवघड असतं.

नकाशा नीट बसल्यावरच त्यातले रस्ते जीपीएसच्या रस्त्यांशी जोडा. नुसत्या अंतरावर स्नॅप केलंत, म्हणजे जवळच्या रेषेला रेष आपोआप चिकटवलीत, तर सर्व्हिस रोड हायवेला चिकटेल. आधी चौकाला चौक जुळवा, मग रस्त्याची दिशा आणि नाव पाहा. संशयाच्या जोड्या हातानेच तपासा. आणि जोडलेल्या प्रत्येक रेषेपुढे ती कुठल्या नकाशातून आली, तिचा मूळ क्रमांक काय, हे दोन रकाने ठेवाच. ते नसतील तर चुकलेली जोडी पुन्हा सोडवता येणार नाही.