'इल्लीगल' म्हटलं की पोरगी ताटावरून उठते: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: ताई, परवा जेवताना मी सहज म्हणाले की त्या ग्रोसरीवाल्याकडे सगळे इल्लीगलच कामाला आहेत, तर कॉलेजातली मुलगी ताटावरून उठलीच, म्हणे आई, माणूस इल्लीगल नसतो, अनडॉक्युमेंटेड म्हण, म्हणजे कागद नसलेला. आम्ही वीस वर्षं रांगेत थांबलो, वकिलांची बिलं भरली, तेव्हा कुठे ग्रीन कार्ड हातात पडलं. मग नियम मोडणाऱ्याला इल्लीगल म्हटलं तर माझं चुकलं काय?
(एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: रांगेचा राग मला कळतो हो, वीस वर्षं म्हणजे पोरगी जन्मून कॉलेजात गेली तेवढा काळ. पण एक करा, टॅक्सची जुनी फाइल काढा. तिकडे गेल्यावरचे सुरुवातीचे रिटर्न बघा, टॅक्सवाल्यांच्या हिशोबात तुम्ही आधी 'नॉन-रेसिडेंट एलियन', म्हणजे तिथला रहिवासी न धरलेला परदेशी, असाल नाहीतर थेट 'रेसिडेंट एलियन'. ग्रीन कार्डावर तो नऊ आकडी नंबर असतो ना, त्याला ए-नंबर म्हणतात, त्यातला ए एलियनचाच. 1952 च्या इमिग्रेशन कायद्यात एलियनची व्याख्याच अशी आहे की जो अमेरिकेचा नागरिक किंवा नॅशनल (नागरिक नसूनही अमेरिकेचा मानला जाणारा) नाही तो, म्हणजे अजून नागरिकत्वाची शपथ घेतली नसेल तर तुम्हीसुद्धा. 1798 च्या कायद्यांच्या नावातही हा शब्द आहे, तेव्हा उडत्या तबकडीतून उतरणारा हिरवा प्राणी कुणाच्या डोक्यात नव्हता. आता मात्र ऐकणाऱ्याला तोच दिसतो, त्याला काय करणार.

आता इल्लीगलचं बघू. बॉर्डर चोरून ओलांडणं हा अमेरिकेत फौजदारी गुन्हाच आहे, पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि एकदा बाहेर काढल्यावर परत घुसलं तर प्रकरण आणखी जड. पण रीतसर व्हिसावर विमानाने उतरला आणि तारीख संपल्यावर गेलाच नाही, तर ते सिव्हिल प्रकरण, हाकलतील पण नुसत्या राहण्यासाठी तुरुंगाची शिक्षा नाही. 2012 मध्ये अ‍ॅरिझोना राज्याच्या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट म्हटलंय की हद्दपार करता येईल अशा माणसाचं देशात नुसतं असणं हा साधारणपणे गुन्हा नाही. त्या दुकानातला पोरगा यातला कोणता हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही, आणि तरी दोघांना शब्द एकच.

आपल्या लोकलचं उदाहरण घ्या. फसवायच्या इराद्याने बिनतिकीट प्रवास केला तर आपल्या रेल्वे कायद्यातही सहा महिन्यांपर्यंत कैद लिहिलेली आहे, पण टीसी त्याला 'विनातिकीट प्रवासी' म्हणतो. प्रवासी राहतोच तो, तिकीट नाही एवढंच. 'बेकायदा माणूस' असं दादर स्टेशनवर कुणी कधी ऐकलंय का? असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने 2 एप्रिल 2013 ला जवळपास हेच केलं, 'इल्लीगल' हा शब्द कृतीला लावा, माणसाला नको असा नियम केला. गंमत म्हणजे पोरीच्या आवडीचा 'अनडॉक्युमेंटेड' शब्दही त्यांनी तेव्हा नाकारला, कारण माणसाकडे ढीगभर कागद असू शकतात, फक्त राहायला लागतो तो नसतो. आणि ते खरंच आहे, पासपोर्ट असतो, लायसन्स असतं, कितीतरी जण तर टॅक्सही भरतात. त्यामुळे तिला सांगा तुझा शब्द पण सैलच आहे. मी असते तर 'व्हिसा संपलेला' किंवा 'परवानगीशिवाय आलेला' म्हटलं असतं, आणि माहीत नसेल तर काहीच म्हटलं नसतं, भाजी घेऊन घरी आले असते.

प्रश्न: मी एका पेपरात डेस्कवर आहे. अमेरिकेची बातमी आली की 'बेकायदा स्थलांतरित' लिहितो, बांगलादेशची आली की हात आपोआप 'घुसखोर' टाइप करतो. सिनियर म्हणतात तसंच चालतं, वाचकाला कळतं. तुमचं मत?
(नाशिक)

उत्तर: हात आपोआप जातो हे तुम्ही कबूल केलंत यासाठीच तुम्हाला चहा पाजायला हवा.

'घुसखोर' शब्द जरा उलगडून बघा. हे 'खोर' फारसीतून आलंय, मूळ अर्थ खाणारा, आणि मराठीत ते कुणाच्या मागे लागतं? लाचखोर, भांडखोर, चुगलखोर, नफेखोर, आणि हरामखोर तर आहेच. म्हणजे एकदा केलेलं काम नाही, माणसाची खोडच. सीमेवर बंदूक घेऊन येणाऱ्याला आपण घुसखोर म्हणतो आणि पोट भरायला वीटभट्टीवर आलेल्या बाईलाही तेच, म्हणजे वाचकाला कळतं खरं, पण चुकीचं कळतं. आपल्या नागरिकत्व कायद्यात 2003 च्या दुरुस्तीने जो शब्द आला तोसुद्धा 'इल्लीगल मायग्रंट', आणि त्यात बिनकागदाचा आलेला आणि मुदत संपून राहिलेला असे दोघंही येतात. म्हणजे 'बेकायदा स्थलांतरित' निदान कायद्याच्या जवळ आहे, 'घुसखोर' हा राजकीय सभेतला शब्द आहे, पुढाऱ्याने भाषणात वापरला तर अवतरणात छापा ना, नको कोण म्हणतंय.

आता उलटं बघा. 5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला 104 भारतीयांना घेऊन उतरलं, अनेकांच्या हातात बेड्या, पायात साखळ्या, त्यातले 3 महाराष्ट्रातले. त्या दिवशी तुमच्या डेस्कवर कुणी 'अमेरिकेतले भारतीय घुसखोर परतले' असं हेडिंग दिलं का? नसणारच. मग जी फूटपट्टी अमृतसरला लावली तीच आसामात बांगलादेश सीमेवरच्या धुबरीला लावा, माझं मत एवढंच.

आणि शब्दावरून भांडण फक्त आपल्याकडे होतं असं नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी 2014 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेच्या ग्रंथालयाला सांगितलं की कॅटलॉगमधलं 'इल्लीगल एलियन्स' हे विषयाचं शीर्षक काढून टाका. 2016 मध्ये लायब्ररी ते बदलायला राजी झाली तर अमेरिकी संसदेत काही खासदार अडून बसले, शेवटी नोव्हेंबर 2021 मध्ये त्या एका शब्दाचे दोन केले, 'नॉनसिटिझन्स' आणि 'इल्लीगल इमिग्रेशन'. पुस्तकाच्या कार्डावरच्या दोन शब्दांसाठी सात वर्षं! त्याच साली बायडेन सरकारने इमिग्रेशन खात्यांना 'इल्लीगल एलियन' लिहू नका सांगितलं, आणि मार्च 2024 मध्ये स्वतः बायडेन भर भाषणात 'इल्लीगल' बोलून गेले, मग म्हणाले अनडॉक्युमेंटेड म्हणायला हवं होतं. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प परत आले आणि पहिल्याच दिवशीच्या आदेशात 'इल्लीगल एलियन्स' परत आले. सरकार बदललं की शब्दकोश बदलतो, त्यामुळे सरकारच्या शब्दावर पेपर चालवू नका एवढं सिनियरना सांगून बघा, ओरडले तर माझं नाव सांगा.

प्रश्न: भाचा अमेरिकेत एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर होता, नोकरी गेली, दुसरी मिळाली नाही, आणि तो तिथेच राहिलाय. बहीण कुणाला काही सांगत नाही. लग्नकार्यात लोक विचारतात. तो आता इल्लीगल म्हणायचा का? आम्ही काय सांगायचं?
(पुणे)

उत्तर: तिकडे आपलीच माणसं याला 'आउट ऑफ स्टेटस' (व्हिसाचा दर्जा सुटलेला) म्हणतात, बघा, आपल्यातला निघाला की शब्द कसा इस्त्री केलेला येतो. लग्नात 'तिकडेच आहे, कागदांचं चाललंय' सांगा, खोटं नाही ते.

पण लोकांपेक्षा कॅलेंडरची काळजी करा. नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त 60 दिवसांची सवलत मिळते, ते उलटून गेले असतील. आता त्याच्या आय-94 वर, म्हणजे कधीपर्यंत राहता येईल ते सांगणाऱ्या सरकारी नोंदीवर, जी तारीख आहे ती त्याला विचारा. ती उलटल्यावर 180 दिवसांपेक्षा जास्त राहून मग देश सोडला तर 3 वर्षं परत येता येत नाही, आणि वर्ष किंवा जास्त झालं तर 10 वर्षं. म्हणजे 179 व्या दिवशी निघणं आणि 181 व्या दिवशी निघणं यात तीन वर्षांचा फरक आहे. बहिणीला लाजेपोटी थांबू देऊ नका, भाच्याला आजच्या आज इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करायला लावा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मित्राला नाही.