विद्युतीकरणामुळे मोकळी झालेली डिझेल इंजिने दुसऱ्या मालवाहू रेल्वेला चालतील का?

होय, रोहा ते ठोकूर या कोकण रेल्वेमार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाल्यावर तेथील मालगाड्यांवरून मोकळी झालेली डिझेल इंजिने दुसऱ्या मालवाहू रेल्वेला निश्चित उपयोगी पडतील, मात्र आधी रूळमाप, म्हणजे दोन रुळांमधील अंतर, जुळले पाहिजे. आपले रूळमाप १६७६ मिलिमीटर असून बांगलादेशाच्या ब्रॉडगेज मार्गांचेही तेच असल्यामुळे भारताने २०२० मध्ये दिलेली १० इंजिने तेथे चालवता आली. मोझांबिकसारख्या १०६७ मिलिमीटर रूळमापाच्या देशात तेच इंजिन न्यायचे तर त्याची चाके आणि आस त्या मापाला जुळवून घ्यावे लागतात, आणि मग जुन्या इंजिनाची स्वस्ताई काहीशी कमी होते. घेणाऱ्याने रंगरंगोटीपेक्षा क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा), टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारे यंत्र) आणि शेवटच्या मोठ्या दुरुस्तीची नोंद तपासावी. सुटे भाग कोण पुरवणार, हेही करारातच लिहून घ्यावे.