स्वीडनचं सत्र आणि वहिनींच्या पाटल्या

सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ५२, एमआयडीसीतल्या कंपनीत नोकरी, हातात ८५ हजार येतात, त्यातले २१ हजार घराच्या हप्त्याला जातात. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगा नववीत. मुलीच्या कॉलेजचा स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाशी एक्सचेंजचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीचा, करार आहे आणि तिसऱ्या वर्षासाठी तिची निवड झाली आहे. एकच सत्र करायचं की अख्खं वर्ष, हे घरच्यांनी ठरवायचं. शिल्लक अशी: एफडी ५ लाख, इक्विटी म्युच्युअल फंड ११ लाख (त्यात नफा साडेचार लाख), पीपीएफ ९ लाख, सुकन्या समृद्धीत साडेपाच लाख. त्यांचा बेत वर्षभर पाठवायचा. एफडी मोडायची आणि उरलेल्यासाठी पत्नीच्या पाटल्यांवर कर्ज काढायचं. मेव्हणे म्हणतात, डिग्री मिळणार नाही, मग एवढा पैसा कशाला?

मेव्हण्यांचं एक बरोबर आहे. एक्सचेंजला परतावा नाही. एमएस केलं तर पगार वाढेल असं निदान कागदावर मांडता येतं, इथे तेही जमत नाही. म्हणून याला गुंतवणूक म्हणून स्वतःची समजूत घालू नका. हा खर्च आहे. झेपतो का, एवढंच बघायचं.

आता आकडे. एक्सचेंजमध्ये तिथली ट्यूशन फी द्यावी लागत नाही, पुण्याची फी मात्र चालूच राहते. ती तुम्ही नाहीतरी भरताच, म्हणून हिशोबात धरत नाही. स्वीडनचा निवास परवाना मिळायला दरमहा सुमारे साडेदहा हजार क्रोनांची (क्रोना हे तिथलं चलन) सोय आधी दाखवावी लागते, आणि काटकसरीने राहिलं तर खर्चही साधारण तेवढाच येतो. विद्यार्थ्याच्या खोलीचं भाडंच त्यातला चार-पाच हजार खातं. क्रोना १० रुपयांना धरू या. आज थोडा कमी-जास्त असेल, पण जूनमध्ये काय असेल ते ना तुम्हाला ठाऊक ना मला. म्हणजे महिन्याला १ लाख ५ हजार. दहा महिन्यांचे साडेदहा लाख. वर तिकीट, परवाना, आरोग्य विमा, थंडीचे कपडे यांचे दीड लाख आणि अडीअडचणीला एक लाख. झाले १३ लाख. एकच सत्र, म्हणजे ऑगस्टअखेर ते जानेवारीचा मध्य असे पाच महिने, केलं तर सव्वापाच, दीड आणि अर्धा मिळून सव्वासात लाख.

वर्षभराच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. तिकीट आणि कपडे एकदाच लागतात, त्यामुळे दुसरं सत्र तुलनेने स्वस्त पडतं. शिवाय नोव्हेंबर-डिसेंबरच्या अंधारात दुपारी साडेतीन-चारला दिवे लावून बसलेल्या पोरीला तिथला मे महिना बघायला मिळावा, असं मलाही वाटतं. पण १३ लाख काढले की तुमच्याकडे पीपीएफ आणि सुकन्या सोडून जेमतेम तीन लाख उरतात. तीन वर्षांनी मुलगा बारावी पास होऊन दारात उभा असेल. म्हणून माझं मत: पाठवा, पण एका सत्रासाठी.

पैसे कुठून? एफडीला हात लावू नका. पाच लाख म्हणजे तुमच्या घराचे सहा-सात महिने, नोकरीत उद्या काही झालं तर तोच आधार. सुकन्येचं तुम्ही पत्रात कंसात विचारलंय, आणि तिथेच खाच आहे. मुलगी १८ वर्षांची झाली की मागच्या मार्चअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत शिक्षणासाठी काढता येतं, हे खरं. पण रक्कम मिळते ती प्रवेशाच्या वेळी संस्थेने मागितलेल्या फी आणि शुल्काइतकीच. लुंडची फी शून्य, त्यामुळे खोलीभाड्यासाठी तिचा उपयोग नाही. तसंही करमुक्त ८.२ टक्के देणारं खातं मोडायचं कशाला! पीपीएफ तुमच्या म्हातारपणाचा. आणि सोनेतारण नकोच. दरमहा पगार खाणारा आणखी एक हप्ता तुम्हाला परवडणारा नाही. वहिनी पाटल्या द्यायला तयार आहेत म्हणून त्या घ्यायलाच पाहिजेत असं नाही.

उरला म्युच्युअल फंड. तुम्ही लिहिलंय, 'तो लग्नासाठी ठेवलाय.' लग्न तिचंच ना? मग त्यातले सव्वासात लाख तिलाच विचारून वापरा. चार लाखांच्या आसपास राहतील, ते वाढतील. नाही वाढले पुरेसे, तर मांडव लहान घालू.

विक्री मात्र दोन तुकड्यांत करा. इक्विटी फंडाच्या दीर्घकालीन नफ्यावर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. एकदम विकलं तर ढोबळ मानाने तीन लाख नफा आणि जवळपास २२ हजार कर. निम्मं मार्च संपायच्या आत आणि निम्मं १ एप्रिलनंतर विकलं तर तोच कर सहा-सात हजारांवर येतो. परवान्याचा अर्ज त्यानंतरच करायचाय, त्यामुळे वेळ जुळते. मिळालेले पैसे मुलीच्या स्वतःच्या बचत खात्यात टाका, कारण रोख शिल्लक तिच्या नावावर दिसावी लागते. वडिलांनी दिलेल्या पैशावर तिला कर नाही, आणि ती सज्ञान असल्याने त्यावरचं व्याजही तुमच्या उत्पन्नात धरलं जात नाही. परदेशी पाठवताना वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घ्यायचा कर, कापत नाहीत. तुम्ही त्याच्या आतच आहात.

तिथे मुक्काम वर्षाहून कमी असल्याने तिची तिथल्या सरकारी लोकसंख्या नोंदवहीत नोंद होणार नाही, म्हणून विमा आपला आपण बघायचा. विद्यापीठ काही संरक्षण देतं का ते आधी विचारा, उगाच दुहेरी हप्ता नको. त्या नोंदीबरोबर मिळणारा स्वीडिश व्यक्तिक्रमांक नसला की तिथलं बँक खातं मिळायला त्रास होतो, आणि मग लोक पैसे द्यायला सर्रास वापरतात ते 'स्विश' अॅपही नाही. रोकड तर फारशी कुणी घेतच नाही. फॉरेक्स कार्ड आणि त्याला जोड म्हणून दुसरं एक कार्ड द्या. नोकरी करून भागवेन असं ती म्हणेल. करू दे, मुभा आहे, पण स्वीडिश न येणाऱ्याला पाच महिन्यांत काय मिळणार? त्या कमाईचा एक रुपयाही मी धरलेला नाही.

सगळ्यात महाग पडू शकणारी गोष्ट वरच्या हिशोबात नाहीच. लुंडला केलेल्या विषयांचे क्रेडिट पुण्यात धरले गेले नाहीत तर एक वर्ष लांबतं. म्हणजे एक जादा फी, आणि पहिल्या नोकरीचा वर्षभराचा पगार बुडाला. 'होईल काहीतरी' हे उत्तर चालणार नाही. कुठला विषय कशाच्या बदल्यात, हे विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्यानिशी लेखी घ्यायला मुलीला आजच सांगा. ते पत्र हातात पडलं की मार्चच्या शेवटच्या आठवड्याची वाट न बघता पहिल्या विक्रीचा अर्ज टाका. तिकीट मात्र खोलीचा कागद आल्यावरच.