भिंतीत उगवलेला पिंपळ बोन्सायसाठी कधी आणि कसा काढावा?

पहिले एक-दोन चांगले पाऊस झाले की, म्हणजे महाराष्ट्रात जूनअखेर ते जुलैत काढा. उष्ण, दमट हवेत पिंपळ लवकर मुळं धरतो. उपटू मात्र नका. छिन्नीने चुना-विटा फोडत जा, कारण उपटताना तंतुमुळं भिंतीतच तुटून राहतात आणि झाड दगावू शकतं. खोड २०-३० सेंमीवर कापा, पानं काढा, चीक पाण्याने धुवा. मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा. कुंडीत ३-६ मिमीचे विटांचे तुकडे नि जाड वाळू घाला, शेणखत नको. खोड सुतळीने कुंडीला घट्ट बांधा. ते हललं की नवी मुळं तुटतात. सावलीत ठेवा. खरा घात पुढे होतो: तीन-चार आठवड्यांत फुटवे येतात, पण ते खोडातल्या अन्नसाठ्यावर. मुळं धरली असं समजून कडक उन्हात ठेवलं किंवा खत घातलं की कोवळे कोंब माना टाकतात. दोन-तीन महिने धीर धरा. हे सगळं खासगी भिंतीपुरतं, तेही मालकाला विचारून. वनजमिनीवरचं किंवा संरक्षित किल्ल्याच्या तटातलं झाड परवानगीशिवाय काढणं गुन्हा ठरू शकतो.